पहिल्या दोन मिनिटांत हात कुठे जातो? अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचं आधीचं शिक्षण

धागाकर्ता: मोजटाकी

बरीच वर्षं द्रवयांत्रिकीचं प्रॅक्टिकल घेतोय. एक गोष्ट कधीपासून मनात घोळत होती, या सत्रात ती इतकी स्वच्छ दिसली की इथे मांडल्याशिवाय राहवेना.

आमच्या दुसऱ्या वर्षाला मुलं दोन वाटांनी येतात. एक वाट शाळेतून थेट, प्रवेशपरीक्षा देऊन. दुसरी डिप्लोमा करून, म्हणजे लेथ, वेल्डिंग, फिटिंग यांच्यात हात काळे करून. वर्गात दोघं एका बाकावर बसतात, एकच पुस्तक वाचतात. पण अडलेलं यंत्र समोर ठेवलं की पहिल्या दोन मिनिटांत कोण कुठून आलंय ते कळतं.

आमच्याकडे सेंट्रिफ्युगल पंपाचा, म्हणजे आतलं चाक फिरवून पाणी ढकलणाऱ्या पंपाचा, एक संच आहे. खाली टाकी, सक्शनच्या म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी गाळणी, मग पंप, डिलिव्हरीला म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूला व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज, शेवटी मोजटाकी. गाळणीत मी मुद्दाम कापड अडकवून ठेवलं होतं. प्रॅक्टिकलला आलेल्या जोडीला एवढंच म्हणालो, “पाणी कमी येतंय. का ते शोधा.”

शाळेतून आलेल्या मुलीने वही उघडली, द्रवाचा दाब आणि वेग यांची सांगड घालणारं बर्नोलीचं समीकरण लिहिलं आणि विचारलं, “सर, पाइपचा घर्षणगुणांक किती धरायचा?” डिप्लोमाच्या मुलाने तोवर पंपाच्या कव्हरवर तळहात टेकवला होता. कान जवळ नेला. आत खडी घुसळावी तसा आवाज येत होता. “सक्शनला पाणीच मिळत नाहीये सर,” म्हणाला. पंप बंद केला, गाळणी उघडली, कापड काढून माझ्या हातात दिलं. चार मिनिटांत काम झालं. मुलगी अजून दुसऱ्याच ओळीवर होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर ‘हाताने शिकलेलाच खरा इंजिनिअर’ म्हणून मोकळा झालो असतो. पण पुढच्या आठवड्यात त्याच दोघांना तोच संच दिला, तक्रारही तीच. या खेपेला मोटरला वीज देणाऱ्या तीन फेजच्या तारांपैकी दोन मी अदलाबदल करून ठेवल्या होत्या, म्हणजे पंप उलटा फिरत होता. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी पुढेच ढकलतो, फक्त बरंच कमी आणि कमी दाबाने, त्यामुळे हा बिघाड चटकन ध्यानात येत नाही.

मुलाने सरळ गाळणी उघडली. स्वच्छ होती. लावली, पंप चालू केला, पुन्हा उघडली. मग सक्शनच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह, मग सांध्यांची गास्केट. हाताला ठाऊक असलेल्या जागा संपल्या तसा तो गप्प झाला. मुलगी इतका वेळ गेजकडे बघत उभी होती. तिने डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, आकडा वाचला आणि म्हणाली, “सर, आता प्रवाह शून्य आहे, म्हणजे घर्षणाचा तोटाही शून्य. गाळणी चोंदली असती तरी आत्ता दाब पूर्ण दिसायला हवा होता. हा तर निम्म्याच्या आसपास आहे. बिघाड पाइपात नाही, पंपातच आहे.” त्यानंतर कव्हरवरचा बाण आणि मोटरचा पंखा ताडून पाहायला दोघांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

मला जे म्हणायचंय ते असं. आधीच्या शिक्षणाने विद्यार्थ्याला किती येतं हे ठरतं, पण त्याहून जास्त ठरते ती त्याची पहिली हालचाल. प्रवेशपरीक्षेच्या वाटेवर प्रत्येक प्रश्नात लागेल तेवढीच माहिती दिलेली असते, एक आकडा उरला तर आपलंच काहीतरी चुकलं असं समजायचं. असे शेकडो प्रश्न सोडवले की डोळा आपोआप ‘दिलेलं काय आहे’ तेच शोधतो. वर्कशॉपच्या वाटेवर नट बसला नाही की तिथल्या तिथे कळतं, म्हणून हात आधी जातो. पण जो बिघाड कधी पाहिलाच नाही, त्याच्यासमोर तोच हात रिकामा पडतो. ही दोन्ही वळणं आहेत, घडलेली. आणि आपण शिक्षक मंडळी त्यांना कुवत समजून गुण देतो, याचा मला फार त्रास होतो. तोंडी परीक्षेत त्या मुलाला ‘कच्चा’ म्हणतात आणि वर्कशॉपमध्ये त्या मुलीला ‘पुस्तकी’. चार वर्षं हे ऐकल्यावर मुलं स्वतःही तेच मानायला लागतात.

तुमचा अनुभव काय? तुम्ही कुठल्या वाटेने आलात, आणि अडलेल्या प्रश्नासमोर तुमचा हात आधी कुठे जातो?

चौदाचा पाना

वाचताना पोटात कालवलं. तो मुलगा मीच होतो.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो, आणि पहिल्याच महिन्यात बीमच्या वाकण्याचं सूत्र सिद्ध करायला फळ्यापाशी उभं केलं. येईना. शिक्षक म्हणाले, “तुम्ही लोक हातोडी बरी चालवता.” वर्ग हसला. पुढे वर्षभर मी तोंड उघडलं नाही.

आता त्या सूत्राचीच गोष्ट. एका टोकाला पक्क्या धरलेल्या दांडीच्या मोकळ्या टोकावर भार टाकला, तर टोक किती खाली जाईल हे लांबीच्या घनावर ठरतं. लांबी दुप्पट, तर वाकणं आठपट. हे मी पाठ करून पेपरात लिहून आलो होतो. एका रात्री मात्र लेथवरचा बोअरिंग बार, म्हणजे भोक आतून कापायची दांडी, डोळ्यासमोर आला. खोल भोक घ्यायचं म्हणून बार जास्त बाहेर काढला की तो थरथरायचा, भोकाच्या आत लाटा उमटायच्या. आमचे इन्स्ट्रक्टर ओरडायचे, “बार आत घे, जरूर तेवढाच बाहेर ठेव!” जरासाच तर बाहेर काढलाय, एवढा फरक का पडतो, हे कोडं तीन वर्षं डोक्यात होतं. त्याचं उत्तर त्या घनात होतं. बार एका टोकाला पक्का धरलेला, दुसरं टोक मोकळं, टोकावर कापण्याचा जोर. म्हणजे तोच तो बीम!

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण ही सांगड कोणी घालून दिली नव्हती, ती योगायोगाने पडली. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांची पडलीच नाही. त्यांच्या हातात तीन वर्षांचा अनुभव होता आणि तो वर्गात कुठे वापरायचा हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

उताराचा आलेख

सुंदर धागा. शिक्षणशास्त्रात काम करते, म्हणून थोडी भर घालते.

मोजटाकी, तुमच्या निरीक्षणाशी जुळणारा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. १९८१ साली मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी भौतिकशास्त्राची उदाहरणं कार्डांवर लिहून ती गटांत लावायला सांगितली. नवख्या विद्यार्थ्यांनी वरून दिसतं त्यावर गट केले: उताराची गणितं एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे, कप्पीची तिसरीकडे. मुरलेल्यांनी उतार आणि स्प्रिंग एकाच गठ्ठ्यात टाकले, कारण दोन्ही ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटतात. पानावर तेच लिहिलेलं, पण दिसतं ते वेगळं.

आता तुमच्या पंपाकडे या. ‘पाणी कमी येतंय’ हे वरचं रूप. मुलाने ते रूप ओळखलं आणि मागच्या वेळचा इलाज लावला. मुलीने दुसऱ्या खेपेला जे केलं ते सूत्र लावणं नव्हतं बरं का. तिने तत्त्वावरून एक परीक्षा रचली: प्रवाहच थांबवला तर कुठली शंका गळून पडते? पहिल्या दिवशीच्या तिच्या ‘घर्षणगुणांक किती’पेक्षा हे फार वेगळं आहे. तिचं कौतुक तुम्ही जरा कमीच केलंत असं वाटलं.

आणि मुलाचं जे झालं ते कोणाचंही होतं. अब्राहम लुचिन्स यांचा १९४२ मधला भांड्यांचा प्रयोग इथे करून बघा. २१, १२७ आणि ३ मापांची तीन भांडी आहेत, १०० माप पाणी हवं. मोठं भरा, त्यातून मधलं एकदा आणि लहान दोनदा भरून काढा: १२७ वजा २१ वजा ६. याच रीतीची आणखी काही उदाहरणं सोडवून घेतली आणि मग २३, ४९ आणि ३ ची भांडी देऊन २० माप मागितलं. बहुतेकांनी तीच लांब रीत लावली: ४९ वजा २३ वजा ६. नुसतं २३ मधून ३ काढले की झालं होतं! ज्यांनी आधीची उदाहरणं सोडवली नव्हती त्यांना ते सहज दिसलं. त्या मुलाची गाळणी म्हणजे हीच लांब रीत. आदल्या आठवड्यातल्या यशानेच त्याला तिथे नेलं.

अर्धविराम

विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच थोडा विरोध नोंदवतो.

दोन विद्यार्थ्यांवरून दोन वाटांबद्दल बोलणं मला धोक्याचं वाटतं. डिप्लोमा करून आलेली मुलं वयाने मोठी असतात आणि त्यांच्यातली पुढे शिकायचं ठरवणारीच तुमच्यापर्यंत पोचतात. शाळेतून येणाऱ्यांतही कोणी घरी रेडिओ उघडून बसलेलं असतं, कोणी कधी स्क्रू फिरवलेला नसतो. एकाच वाटेच्या आत इतका फरक असताना वाटेलाच कारण मानायचं का?

माझ्या मते मूळ दुखणं प्रश्नपत्रिकेत आहे. तीन आकडे द्यायचे, चौथा मागायचा, हा साचा दोन्हीकडे सारखाच. डिप्लोमाच्या लेखी परीक्षा तरी कुठे वेगळ्या असतात? तुम्ही प्रश्नच बदलले तर पहिली हालचालही बदलेल.

बाकी हा झगडा जुना आहे. १७९४ मध्ये पॅरिसला एकोल पॉलितेक्निक सुरू झालं तेव्हा आधी गणित आणि शास्त्र, मग त्यावर इंजिनिअरिंग, अशी मांडणी तिथे होती. त्याच काळात इंग्लंडमध्ये कारखान्यात उमेदवारी करून इंजिनिअर घडत होते. अमेरिकेत अभियांत्रिकी शिक्षणावरच्या १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभ्यासक्रम शास्त्राकडे झुकवला आणि वर्कशॉपचे तास आटले. प्रत्येक पिढीला वाटतं की पारडं चुकीच्या बाजूला झुकलंय.

मोजटाकी

अर्धविराम, वयाचा आणि निवडीचा मुद्दा मान्य. दोनच विद्यार्थी सांगितले, कारण ते दोन दिवस डोळ्यांसमोर आहेत. पण वाट महत्त्वाची नाही हे नाही पटत. साचा दोन्हीकडे एकच असला तरी एकाच्या दिवसातले चार तास त्या साच्याबाहेर जात होते, दुसरीचे नाही. ते चार तास कुठेतरी उमटणारच.

उताराचा आलेख, तुमचं बरोबर आहे. तिचं कौतुक मी त्या दिवशीही पुरेसं केलं नाही. उद्या करीन.

शून्यापासून

सॉफ्टवेअरमध्ये हेच रोज बघतो. स्वतःच्या हिमतीवर कोड शिकलेला प्रोग्राम अडला की ओळ बदलतो, चालवतो, पुन्हा बदलतो. वर्गात शिकलेला आधी पूर्ण कोड वाचायला बसतो. चूक हमखास सापडते ती मात्र तिसऱ्याच रीतीने: मधोमध थांबून बघायचं की इथपर्यंतची किंमत बरोबर आहे का. बरोबर असेल तर वरचा अर्धा भाग सुटला. हजार ओळी असल्या तरी दहा वेळा निम्मं केलं की एका ओळीवर येता. त्या मुलीने व्हॉल्व्ह बंद करून नेमकं हेच केलं. ही रीत मला कोणी शिकवली नाही, नोकरीत शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून उचलली.

दुसरी भाषा

एका वाटेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. माझं शाळेचं शिक्षण मातृभाषेतून झालं, इंजिनिअरिंग परक्या भाषेतून.

यंत्रशास्त्राच्या पहिल्या चाचणीत प्रश्न होता ‘लाइट स्ट्रिंग’ आणि ‘स्मूथ पुली’चा. मी ‘लाइट’चा अर्थ प्रकाश घेतला आणि दोरीचा प्रकाशाशी काय संबंध यावर दहा मिनिटं घालवली. त्या शब्दाचा अर्थ ‘हलकी’ एवढाच नाही, तर ‘वस्तुमान शून्य धरा’ असा आहे, आणि ‘स्मूथ’ म्हणजे ‘घर्षण सोडून द्या’, हे मला वर्षअखेरीला समजलं. इतरांना तो सांकेतिक अर्थ क्लासमध्ये आधीच मिळालेला होता.

त्यातून एक सवय लागली, जी आज माझ्या कामाची आहे. प्रश्न वाचला की मी आधी चित्र काढते. शब्दांवर भरवसा नव्हता म्हणून सुरू केलं होतं. आता पुलांच्या डिझाइनमध्ये आहे. भाराचा मार्ग चित्रात दाखवता आला नाही तर मी गणिताला हातच लावत नाही. मित्रमैत्रिणी विचारायच्या, एवढी चित्रं कशाला? मला दुसरा रस्ताच नव्हता.

चौदाचा पाना

दुसरी भाषा, +१. ‘लाइट’ला मीही अडखळलो होतो, कधी कोणाला सांगितलं नाही.

नवीन पान

नमस्कार, मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रवेशपरीक्षेच्या वाटेने आले. धागा वाचून भीती वाटली. प्रोजेक्टमध्ये सरांनी फक्त ‘एक छोटी क्रेन बनवा’ एवढंच सांगितलंय. किती वजन, किती उंची, काहीच नाही. आमचा गट दोन आठवडे नुसता बसून आहे. माझ्यासारखीने सुरुवात कुठून करायची?

मोजटाकी

नवीन पान, घाबरू नकोस. ‘काहीच दिलेलं नाही’ हे तुला खटकलं, हीच सुरुवात आहे. काय काय दिलेलं नाही त्याची यादी कर आणि ती घेऊन सरांकडे जा. सिंथिया ॲटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना तेच डिझाइनचं काम देऊन पाहिलं होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जास्त माहिती मागितली, जास्त पर्याय तपासले आणि त्यांचे आराखडेही सरस निघाले. विचारणं म्हणजे कमीपणा नाही, ते कामच आहे.

आता शिक्षक म्हणून माझं चुकलं कुठे ते सांगतो, म्हणजे इतरांना उपयोग होईल.

पूर्वी मला वाटायचं, दोन्ही वाटांची मुलं एकत्र जोडीला दिली की झालं, एकमेकांकडून शिकतील. चार वर्षं तसं केलं. झालं असं की नट एकाने खोलायचे आणि अहवाल दुसऱ्याने लिहायचा. जोडीचं काम उत्तम, गुण उत्तम, आणि सत्र संपल्यावर दोघंही जिथे होते तिथेच! मी त्यांना एकमेकांकडून शिकायला नाही, एकमेकांच्या आड लपायला शिकवत होतो.

या वर्षी एक कागद सुरू केला. पहिली दहा मिनिटं यंत्राला हात नाही आणि वहीत सूत्रही नाही. फक्त तीन शक्य कारणं लिहायची आणि प्रत्येकापुढे एक ओळ: ‘हे खरं असेल तर गेजवर काय दिसेल?’ ही ओळ मला फार मोलाची वाटते. वर्कशॉपमधून आलेल्याला त्याच्या शंकेमागचं तत्त्व शोधावं लागतं, आणि परीक्षेतून आलेल्याला तत्त्व खऱ्या डायलवर आणून ठेवावं लागतं. पानासाहेब, तुमच्या बोअरिंग बारची आणि बीमची गाठ अशाच ओळीत पडली असती.

उताराचा आलेख

कागद आवडला. एक सावधगिरी सुचवते. अगदी नवख्या मुलांना पूर्ण मोकळं सोडलं तर डोक्यावरचा भारच इतका होतो की शिकणं मागे पडतं. जॉन स्वेलर १९८८ पासून हे मांडत आलेत, आणि सोडवून दाखवलेली उदाहरणं सुरुवातीला खरोखर उपयोगी ठरतात. दुसऱ्या बाजूला मनू कपूर यांचं काम आहे: आधी मुलांना धडपडू द्या, चुकू द्या, आणि लगेच नंतर नीट समजावून द्या, तर समज खोलवर जाते. त्यातलं ‘लगेच नंतर’ फार महत्त्वाचं आहे. दहा मिनिटांचा कागद झाला की तुम्ही स्वतः तो उघडून चर्चा करता ना?

अर्धविराम

हेच विचारणार होतो. आणि गुण कशाला देता? कारण बरोबर निघालं त्याला, की त्या ओळीला?

मोजटाकी

चर्चा करतो, फळ्यावर. निम्मे गुण त्या ओळीला. कारण चुकलं पण ओळ तर्काला धरून असेल तर पूर्ण निम्मे.

आज पुन्हा तीच जोडी आली होती, तेवढं सांगून थांबतो. कामं उलटी वाटली होती. मुलाने कागद लिहायचा, मुलीने यंत्राजवळ राहायचं. तो पेन धरून बराच वेळ बसला, मग ‘गाळणी’ लिहिलं आणि पुढच्या ओळीत: “व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाब पूर्ण आला तरच.” त्याने ते तिच्याकडून घेतलं होतं आणि आता ते त्याचं झालं होतं. त्याच्या समोरच तिचंही कौतुक केलं.

मग मी तिला म्हटलं, कव्हरवर हात ठेव, ऐक, काय वाटतं ते सांग. तिने हात ठेवला, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “सर, हा नीट असतो तेव्हा आवाज कसा येतो?”

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीन आठवडे मी तिच्यासमोर बिघडलेलाच पंप ठेवत होतो. त्या मुलाने चांगले चालणारे पंप कितीतरी ऐकले होते, तिने एकही नाही. संच दुरुस्त करून चालू केला आणि आम्ही तिघं काही न बोलता पाच मिनिटं तो ऐकत उभे राहिलो. पुढच्या सत्रापासून पहिलं प्रॅक्टिकल हेच ठेवणार आहे.